पटाच्या रात्रीचं तिकीट

पळसटोला, ता. देसाईगंज
६ डिसेंबर

ती. उर्वशीबाईले धाकट्या भावाचा, गोपालचा शि. सा. न. वि. वि.

इथी सगळे बरे आहोत. फोनवर तू माझं अर्धंच ऐकते आन मग अंकुशभाऊजीच्या हाती फोन देते, म्हणून बाबांसारखं पत्रच लिहून राह्यलो. तू बसून वाच, मले तर बसवतच नाई.

बाई, यंदा आपल्या गावच्या शंकरपटाच्या रात्री, बैलांच्या शर्यती सरल्या का, नाटक आपण लावून राह्यलो. लहानपणापासून दुसऱ्यांच्या गावी घोंगड्या घेऊन गेलो, आता लोक आपल्या गावी येतील. मी आन प्रफुल वडशाले जाऊन नाटक कंपनी ठरवून आलो. नाटकात खलनायक असा आहे का त्याचा नुसता फोटो पाहून प्रफुलची बायको घाबरली. गावातले दहा घरं भागीदार. जो तो आपला हिस्सा टाकणार, तिकिटं खपली का हिस्सा परत आन वरचा नफा वाटून.

आता तू रागावशील ते सांगतो. माझा हिस्सा बाकी आहे. धानाचा पैसा ट्रॅक्टरवाला, खतवाला आन सुगंधाचा दवाखाना यातच गेला. मोनालीच्या फीचा पैसा तुझ्यापाशी आहे, तो पाठव. तिचा हप्ता जानेवारीच्या शेवटी भराचा आहे, नाटक त्याच्या आधीच होऊन जाते. मंडप गच्च भरणार याची मले पक्की खात्री आहे.

तुझी माया आजवर पुरली, यंदाही पुरू दे.

तुझा गोपाल

चंद्रपूर
१२ डिसेंबर

चि. गोपालले अ. उ. आ.

पत्र वाचून पहिले तुले चार शिव्या देल्ल्या, मग तुझ्या भाऊजीले वाचून दाखवलं. ते ऑटो धुवाचं सोडून नाटकात गाणे किती आहेत हेच विचारत बसले. म्हणजे या घरात अक्कल एकटीपाशीच उरली.

गोपाल, तो पैसा तुझाही नाई आन माझाही नाई. पोरीनं दोन उन्हाळे तेंदूपत्ता तोडला, बोटं काळी केली, तवा तो जमला. तुझ्या घरी पैसा टिकत नाई म्हणून तिनं माझ्यापाशी ठेवला. हप्ता चुकला तर कॉलेजवाले परीक्षेले बसू देत नाई, तिचं वर्ष जाते. म्हणून मी तिलेच विचारलं. वाटलं, नाई म्हणेल आन मी सुटीन. तर ही बया तुझीच पोरगी निघाली. म्हणे बाबाचं नाटक आहे, पाठवून दे आत्या. पाठवून राह्यली बापा.

पण एक अट आहे. तुझा स्वभाव मले माहीत आहे. पाहुणा दिसला का तू अंगणात पाट टाकते. जेवण सगळ्यांले दे, पण फुकट पास कोणालेच देऊ नको. मले बी नको. आम्ही खिडकीवर तिकीट काढून बसू.

सुगंधाले सांग, मी येताना तिच्यासाठी शाल आणतो. तब्येतीले जप आन बहिणीचा शब्द पाळ.

तुझी बाई, उर्वशी

चंद्रपूर
१३ जानेवारी

ती. बाबांना मोनालीचा सा. न. वि. वि.

प्रॅक्टिकल होती म्हणून पहाटे पडदा पडल्याबरोबर पहिल्या गाडीनं निघाली, तुमची भेटही नीट झाली नाई. बाबा, नाटक काय झालं. लोक मंडपाच्या बाहेर बैलगाड्यांवर उभे होते. खलनायक मेला तवा आत्या एवढ्या जोरानं ओरडली का पुढच्या रांगेतले मागं वळून पाहात होते. इथं गल्लीतल्या पोरींना मी सांगून राह्यली का ते माझ्या बाबानं लावलेलं नाटक होतं.

पण मी खिडकीवर तिकीट काढाले उभी होती ना, तवाच पाहिलं. आमच्या मागं कोणीच नव्हतं. डब्बा खडखडत होता आन मंडप भरून राह्यला होता. प्रफुलकाकाचे पाहुणे बाजूच्या फाटकातून, गुलाबकाकाचे पाहुणे तिथूनच. आन चिमूरचे आजोबा पिकअपभर माणसं घेऊन आले, तुम्ही स्वतः फाटक धरून त्यांना आत घेतलं. तुम्ही मले पाहिलं आन मान खाली घातली.

मी रागावली नाई. जावयानं सासऱ्याले तिकिटाचा पैसा मागावा, असं आपल्याकडे कोणी केलं का? दहा घरांनी आपापल्या पाहुण्यांचा मान ठेवला आन मंडप पाहुण्यांनीच भरला. पण हप्त्याची तारीख जवळ आली. काय करू ते कळवा. मन तुमच्यापाशीच आहे.

तुमची मोनाली

पळसटोला
१७ जानेवारी

चि. मोनालीले बाबाचे अ. उ. आ.

पोरी, तुझी गाडी गेली आन खरं नाटक त्याच्यानंतर झालं.

डब्बा उघडला तर कंपनीचं देणं कसंबसं निघत होतं. आमचा हिस्सा बुडाल्यात जमा. गावभर अंगणाअंगणात पाहुणे चहा-पोहे खात होते, नाटकाची तारीफ करत होते. तुझे आजोबा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले का जावयानं नाव काढलं. मले तिकिटाच्या खिडकीवर उभी असलेली तू आठवली. काय झालं माहीत नाई, मी तो डब्बा उचलला आन त्याइच्या समोर धरला. म्हटलं, मामाजी, नाटक आवडलं असंल तर तिकिटाचे पैसे टाका, पोरीची फी याच्यात अडकली आहे.  

आजोबांनी चहाची कपबशी खाली ठेवली. पिकअपमधल्या सगळ्यांचे पैसे टाकले, जेवणाचेही टाकले, आन सरळ गाडीत जाऊन बसले. तुझे मामा जाताना बोलले ते लिहिण्यासारखं नाई. पण ते पाहून प्रफुल धावत घरी गेला आन डब्बा घेऊन आपल्या साळ्यासमोर उभा राह्यला. मग गुलाब. दुपारपर्यंत गावात हेच चाललं. अर्धे पाहुणे हसत देत होते, अर्धे फुगून.

नफा काई नाई. पण तुझा हिस्सा पूर्ण निघाला, आत्याच्या खात्यात टाकला आहे. उद्याच भर. चिमूरवाल्यांनी माझा फोन उचलणं बंद केलं, तुझी आई बी बोलत नाई. तरी मी मोठ्या खुशीत आहे. अभ्यास कर, आन बापावरची माया कमी करू नको.

तुझा बाबा

मोनाली, या ओळी तुझ्या आईच्या. पत्र पेटीत टाकाले माझ्यापाशी देल्लं, ते मी वाचलं. माझ्या बापाले भर अंगणात पैसे मांगितले तवा मले धरतीनं पोटात घ्यावं असं झालं. तवापासून मी बोलली नाई. पण आज धान पाखडताना मनात आलं. मले सातवीतून काढलं तवा फीच नव्हती. माझ्या बापाचे सगेसोयरे तवाही अंगणात बसून चहा पीत होते. त्याले कोणापुढं डब्बा धरता आला नाई. लाज वाटली असंल.

तू फी भरली का ते लवकर कळव. तुझ्या बाबाले मी ताट नुसतं सरकवून देतो. तुझं पत्र आलं का जवळ बसून वाढीन.

तुझी आई, सुगंधा