पूजेतला झेंडा

इंदूर,
सोमवार, ता. ११ डिसेंबर १९६१

चि. बेबीस, जयसिंगदादाचा आशीर्वाद.

लिहिताना हात सवयीने 'सौ.'कडे गेला होता. थांबवला.

इकडे बरं आहे. थंडी पडली. आईचा गुडघा सुजला आहे, तरी देवळात जायचं सोडत नाही. शेजारच्या इंदिराबाईंनी उषासाठी लोकरीचं टोपरं विणलं आहे. तुमच्या सांवेरच्या बसला कोणी ओळखीचं भेटलं की पाठवीन.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. कामामुळे उशीर झाला असं लिहिणार होतो. कामामुळे झाला नाही.

तू एकच विचारलंस. मारुतराव वर शिडीगाडीच्या पिंजऱ्यात राहिले, सांगूनही उतरले नाहीत, हे मी स्वतः पाहिलं का. आणि खाली लिहिलंस की उषा जेवायला नाही म्हणाली की सासूबाई तिला सांगतात, तुझा बाप पण ऐकत नव्हता.

हे वाक्य मी रोज वाचतो.

चौकशीचा कागद तुला मिळाला आहे. त्यात आहे तेच मी तुला तेराव्याला सांगितलं. रस्त्यावरच्या एका दिव्याच्या खांबाचं काम संपलं, शिडीगाडी पुढच्या खांबाकडे ढकलत होतो, मिस्त्रीने उतरायला सांगितलं, इसम उतरला नाही, मागून ट्रक आला. स्वतःची चूक, म्हणून पेन्शन नाही, क्वार्टर खाली करा. मिस्त्री म्हणजे मी. खाली सही माझी.

तुला ते पटलं नाही, हे मला तेव्हाच दिसलं होतं. तू पोळ्या लाटत राहिलीस.

मारुतरावांना उंचीची भीती होती. नोकरी मी लावली, म्हणून ते कधी बोलले नाहीत. गाडी जागची हलायच्या आधी पिंजरा खाली घ्यायला लावून ते उतरायचे. पुढच्या खांबाशी पुन्हा चढायचे. दुसरं कोणी असं करत नाही. नियम आहे, पण सगळे वरच राहतात, खालचे ढकलतात, वेळ वाचतो. पोरं त्यांची टर उडवायची. हरी तर ओरडायचाच, "जवाईबापू उतरतायत, पायघड्या टाका रे!" मारुतराव हसायचे. म्हणायचे, "हसा भैया, हसा. माझी बायको जरा कडक आहे." आणि उतरायचे. बारा खांब तर बारा वेळा.

असा माणूस त्या दिवशी उतरला नाही, असं मी लिहून दिलं.

तो खंडेनवमीचा दिवस होता. आपल्याकडे बाबा तलवारीची पूजा करत, तलवार विकली तरी रिकाम्या खुंटीला हळदकुंकू लावत. तेच मी डेपोत करतो. पकडी, दोर, हातोडे, हातमोजे, सगळं मांडतो. लाल झेंडाही मांडतो, मधोमध, घडी करून. हार, अक्षता, कुंकू. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत मांडलेलं हलवायचं नाही. ही पद्धत डेपोत मीच घातली. साहेब लोकही येऊन नमस्कार करतात.

चारच्या सुमाराला निरोप आला. सियागंजकडे वळणावरचे दोन दिवे बंद आहेत, उद्या मिरवणूक तिथूनच जाणार, आजच लावा. शिडीगाडी दारात उभी होती, तिला फक्त हार घातला होता. ती काढली. पकड आणि दोर शेजारच्या खात्यातून मागून घेतले. पूजेतलं काही उचललं नाही. मला त्याचं बरंही वाटलं होतं.

वळणावर पोचलो. तिथे गाडी उभी करायची तर वळणाच्या अलीकडे चाळीस पावलांवर झेंडा रोवावा लागतो. नाहीतर येणाऱ्याला वळल्याशिवाय दिसत नाही. मारुतराव पिंजऱ्यात पाय ठेवून थांबले. मागे बघितलं. कामावर ते मला मिस्त्रीजी म्हणायचे, त्या दिवशी दादा म्हणाले.

"दादा, झेंडा?"

मी म्हणालो, "पूजेत आहे. आज उचलत नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे, चढा."

ते चढले.

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

गाडी उभी होती, बेबी. ढकलत नव्हतो. उतरायची वेळच आली नव्हती. ते दिवा बसवत होते, दोन्ही हात वर. ट्रक गुळाच्या पोत्यांनी भरलेला होता. ड्रायव्हर उडी मारून आला आणि नुसतं म्हणत राहिला, "झंडा कहाँ था? झंडा कहाँ था भैया?"

अजून एक आहे. ते लिहिल्याशिवाय हे पत्र खोटंच राहील. टांग्यातून दवाखान्यात नेताना त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, असं मी तुला सांगितलं. ते हरीच्या मांडीवर होतं. मी टांग्यात नव्हतो. मी कोणाची तरी सायकल घेऊन डेपोत गेलो होतो. हार बाजूला केला आणि झेंडा उचलला. पोलीस आले तेव्हा तो माझ्या हातात होता.

गाडी उभी असेल तर झेंडा रस्त्यात रोवलेला हवा. गाडी सरकत असेल तर तो मिस्त्रीच्या हातात असतो. म्हणून मी गाडी सरकत होती असं सांगितलं. मग वर माणूस का होता, हे सांगावं लागलं. तेही सांगितलं. पोरांनी माझ्याकडे बघून होकाराच्या माना डोलावल्या.

हवालदाराने झेंडा उलगडला. "ये चावल कैसे?"

"आज पूजा थी, साहब."

"अच्छा," म्हणाला, आणि तांदूळ झटकून घडी केली.

मारुतराव वाटेत एकदा बोलले, असं हरी सांगतो. "दादा कुठे गेले?" एवढंच.

तुझं पत्र आल्यावर मी ओव्हरसियर साहेबांकडे गेलो. जबाब बदलायचा आहे म्हणालो. त्यांनी दार लावून घेतलं. "मिस्त्रीजी, फाइल बंद हो चुकी. झूठा बयान दिया, ये लिखोगे? नौकरी जाएगी, जेल होगी. बहन को फिर भी कुछ मिलेगा, इसकी गारंटी मैं नहीं दूँगा. माँ को कौन देखेगा?" मी अर्ज लिहून नेला होता. त्यांनी तो वाचला नाही, फाडलाही नाही. मला परत दिला. तो मी घरी आणला. आईने कसला कागद म्हणून विचारलं. मी खात्याचा म्हणालो. दुसऱ्यांदा गेलो नाही.

डेपोत आता पाटी लावली आहे. गाडी हलवण्यापूर्वी उतरावे, न उतरल्याने मृत्यू झाला आहे. नवीन माणसाला मीच ती वाचून दाखवतो. सगळे उतरतात. कोणी कोणाला जवाईबापू म्हणत नाही.

तोच झेंडा अजून वापरात आहे. पंचनामा झाल्यावर परत मिळाला. रोज मी तो चाळीस पावलं मोजून रोवतो आणि त्याच्याशेजारी उभा राहतो. कुंकवाचा डाग आहे, पण लाल कापडावर दिसत नाही. कुठे आहे ते मला माहीत आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

हे पत्र सासूबाईंना वाचून दाखव. वकिलाला दाखवायचं असेल तर दाखव, मी नाही म्हणणार नाही. उपयोग होईल असं मला वाटत नाही. पण उषा जेवली नाही तर तिला एवढं सांग, की तुझे बाबा ऐकायचे. त्या दिवशीही त्यांनी ऐकलं. माझं.

शेवटी 'तुझा दादा' असं लिहायची सवय आहे. आज ते लिहीत नाही. जबाबावर केली तशीच सही करतो, म्हणजे दोन्ही कागद एकाच माणसाचे आहेत हे कळेल.

जयसिंगराव यशवंतराव मोहिते
मिस्त्री, दिवाबत्ती