हातात किती येतात

आई, मागच्या रविवारी मी दादाला माझा खरा पगार सांगितला. तू जाऊन दहा वर्षं झाली, आणि एवढी एक गोष्ट तोंडातून निघायला मला ती सगळी लागली. पहिल्यापासून सांगते, कारण त्याची सुरुवात तुझ्यापाशीच झाली होती.

बाबा गेल्यावर तू हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात लागलीस, पेशंटांचा दलिया आणि मुगाची खिचडी करायला. बारावीला असताना मी क्लासवरून येताना तुझ्याकडे थांबायचे. अजून डोळ्यांसमोर आहे: सगळीकडे वाफ, भिंतीला टेकवलेली मोठाली पातेली, आणि ड्यूटी संपवून खिडकीशी चहाला आलेल्या नर्सेस. माझं नर्सिंगचं ठरलं तशी तू त्यांना एकेकीला विचारायला लागलीस, "बेटा, हाथ में कितना आता है? और किस्त कितनी जाती है?" ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "आई, असा कुणाचा पगार आणि कर्जाचा हप्ता विचारतात का?" तू चालता चालता थांबलीस. "चार वर्षं तू घालणार, कर्जावर सही मी करणार, आणि विचारायचं नाही? लाज वाटत असेल तर उद्यापासून सरळ घरी जात जा." आणि विचारत राहिलीस, पंधरा-वीस जणींना तरी. मग एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता सांगितलंस की खाजगी कॉलेजातून डिग्री केलेल्या आणि सरकारी नर्सिंग स्कूलमधून डिप्लोमा केलेल्या मुली एकाच वॉर्डात, जवळजवळ एकाच पगारावर राबतात. फक्त डिग्रीवालीचा अर्धा पगार बँकेत जातो. माझं नाव दोन्हीकडे लागलं होतं. "सरकारी घे," तू म्हणालीस. "डिग्री पुढे नोकरी करून करता येते."

मला खाजगी कॉलेजची कोलार रोडवरची ती काचेची इमारत हवी होती. माहितीपुस्तकातल्या पांढऱ्या कोटातल्या मुली हव्या होत्या. मी म्हणाले, "तू खिचडी करतेस, तुला काय कळतं यातलं?" तू लाटणं खाली ठेवलंस, गॅस बंद केलास आणि उरलेली कणीक झाकून ठेवलीस. दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन चार लाखांच्या कागदांवर सह्या केल्यास आणि येताना न्यू मार्केटमधून मला घड्याळ घेतलंस, नाडी मोजायला मोठा सेकंदकाटा असलेलं. दुकानदाराशी तू घासाघीसही केली नाहीस.

माझा पहिला पगार झाला तेव्हा तू वॉर्डात होतीस, ऑपरेशननंतरची. मी ड्यूटीवरून तशीच युनिफॉर्ममध्ये आले होते, दादा उशाशी उभा होता. तू विचारलंस, "हातात किती येतात गं?" येत होते साडेनऊ हजार. हप्ता जवळजवळ सहाचा. मी म्हणाले, "अठरा." तू डोळे मिटलेस, मला वाटलं, खोटं कळलं तुला. पण डोळे उघडून तू शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगायला लागलीस, "मेरी बेटी को अठारा मिलता है." मग माझा हात धरून म्हणालीस, "बरं झालं माझं ऐकलं नाहीस. मी चुकले गं." पंधरा दिवसांनी तू गेलीस.

त्यानंतर ते अठरा मला सोडेनात. दादाने सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं, आणि दर दिवाळीला कुणीतरी विचारायचंच, "वाढले का?" मग मी वाढवायचे. मध्ये हप्ते चुकले, कर्जाची मुदत वाढली, अजूनही दोन वर्षं आहेत. अरेरा कॉलनीत जिथे काम करते तिथे माझ्या मूळ मार्कशीट ऑफिसच्या कपाटात जमा आहेत. सोडायचं म्हटलं तर तीन महिन्यांचा पगार भरा आणि मग कागद न्या. सरकारी भरतीचे फॉर्म निघतात, अभ्यास करायचा ठरवते, डबल ड्यूटी लागते. एका महिन्याचा पगार चुकवून चालत नाही, म्हणून कुठे जाता येत नाही. हातात सतरा येतात. घरी मी तीस सांगितले होते.

आणि आता दादाची मुलगी नर्सिंगला निघाली आहे. तुझ्या मांडीवर झोपायची ती. मागच्या रविवारी आनंद नगरला गेले तर वहिनीने पोहे-जलेबी मांडलेली, आणि दादा विजेच्या बिलाच्या पाठीवर आकडे मांडत बसलेला. सहा लाखांचं कर्ज, कोलार रोडवरचंच एक कॉलेज, सीटसाठी वीस हजार भरूनही झालेले. विदिशा शहरातल्या सरकारी नर्सिंग स्कूलच्या यादीतही पोरीचं नाव होतं, पण त्याचा कागद फ्रिजवर पडला होता. दादा म्हणाला, "हे बघ, तुला तीस मिळतात. हिचा हप्ता आठचा धरला तरी बावीस उरतात. बरोबर ना?"

मी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "दादा, मला सतरा मिळतात."

"या महिन्यात?"

"दर महिन्यात. तीस कधीच नव्हते. अठराही नव्हते."

वहिनी आत निघून गेली. दादाने बिलावरचे बावीस खोडले. मग म्हणाला, "भरलेले वीस हजार परत नाही देणार ते." ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडली पोरगी. "आत्या, तूने तो कर ली ना डिग्री? मेरे टाइम पे ही सबको हिसाब याद आया!" मी तिला सांगायला गेले की डिग्री नंतरही होते, पण डिप्लोमावाल्यांना बढती उशिरा मिळते हे मला माहीत आहे, आणि तिलाही माहीत होतं. ती दार आपटून गच्चीवर गेली, मी निघेपर्यंत खाली आली नाही. बुधवारी दादाने तिला विदिशाला नेऊन फी भरली. मला फोनवर एवढंच म्हणाला, "झालं." ती अजून माझा फोन उचलत नाही. मी बरोबर केलं की माझ्यासारखंच तिलाही एका खोलीत कोंडलं, ते मला कळत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तरी एक राहिलं ते लिहिते. त्या रविवारी दादा मला फाटकापर्यंत सोडायला आला. माझी गाडी वळवून द्यायला किल्ली मागताना त्याने खाली बघत विचारलं, "आईला तरी खरं माहीत होतं ना?"

मी "हो" म्हणाले.