जोडाखालचा फुटवा

श्रीपत यास, आईचा जय भीम.

परसात तू लावलेलं हापूसचं कलम यंदा फळाला लागलंय. पण ते हापूस नाय. तू बजावलं होतंस, "आये, कलमाच्या जोडाखाली फुटवा आला तर खुडून टाक." आता हिरवा कोंब कोण खुडतं रं? वरचा हापूस वाळला आणि खालचा रायवळ माजला. सहा वर्षं तू मोहोपाड्याहून पुसायचास, "झाड कसं हाय?" मी सांगायचे, "झकास!" यात खोटं काय?

आता रविवारी तू कारखान्यातल्या साहेबाला हापूस खायला आणणार. त्याच्यापुढं तुझी फजिती होणार म्हणून सकाळी मी घाबरतच एक आंबा चोखला. साखर रं नुसती! रस कोपरापर्यंत ओघळला.

कुंपणापलीकडून गंगाबाई ओरडली, "म्हातारे, दात नाय तरी चार संपवलेस?"

"पाच. कोयी मोज," मी म्हटलं.

हे पत्र मी टाकत नाय. वाचलंस तर साहेबाला आणायचाच नाहीस, आणि तो बिचारा मुकेल. टेंपोवाल्याबरोबर नुसता निरोप धाडते, साहेबाला म्हणावं, पांढरा सदरा घालून येऊ नको.

तुझ्या पोरीकडून अक्षरं शिकलेली,
तुझी आय, पुतळाबाई