मधातली कबर

मी, विमल सहदेव खंडारे, वय एकाहत्तर, निवृत्त परिचारिका, राहणार अमरावती, हे स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही देणेघेणे नाही. मन मात्र वर्षभर एका जागी बसत नाही, म्हणून हे तिसरे मृत्युपत्र. आधीची दोन्ही रद्द समजावीत. पहिले रागात लिहिले होते, दुसरे लोक काय म्हणतील या भीतीने.

कलम एक. घराच्या दोन खोल्या, पत्र्याची पडवी आणि दारातला शेवगा माझा मुलगा नितेश याला. तो अकोल्यात मोटार वाइंडिंगचे दुकान चालवतो. पहिल्या मृत्युपत्रात त्याचे नाव नव्हते. का नव्हते ते पुढे येईल, आत्ता हात धजत नाही.

कलम दोन. बँकेत उरेल तेही त्याचेच.

कलम तीन. माझ्या नवऱ्याची पेटी दीर गजेंद्र यांनी एका नाताळच्या गाण्यांसाठी नेली, त्याला सतरा वर्षे झाली. ती त्यांनाच दिली असे समजावे. तिचे दोन सूर बसले आहेत, तेही त्यांनीच ठेवून घ्यावेत.

कलम चार. शिलाई मशीन शेजारच्या जाईबाईला. हे लिहीत असताना वकील पुष्करसाहेब, जे माझ्याच पडवीत चहा पीत बसले आहेत, म्हणाले, "बाई, जाईबाई साक्षीदार आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही." जाईबाईचे तोंड उतरले. मी म्हटले, "मग मरायची वाट कशाले पाहू? घे, आजच ने." तर ही म्हणते, "तिचा पट्टा तुटला आहे ना वो." फुकटच्या मशीनचाही पट्टा पाहणारी बाई आहे, पण माझ्या वाईट दिवसांत दोन महिने माझी चूल हिनेच पेटवली. कलम चार रद्द. मशीन आजच दिली.

कलम पाच. मनगटावरचे घड्याळ काढू नये, ते माझ्याबरोबर पुरावे. ते अपेक्षाचे आहे. अपेक्षा माझी मुलगी, धारणीला माझ्यासारखीच सिस्टर होती. २०१८च्या नाताळच्या आदल्या दिवशी नितेश मित्राची जीप चालवत तिला घरी आणत होता. रात्रपाळी केलेली पोर गाडीत झोपली होती. घाटात जीप खाली गेली. नितेश वाचला, अपेक्षा गेली. समोर बैल आला, असे त्याने सगळ्यांना सांगितले. दफन झाल्यावर मी त्याला म्हटले, "तिच्या कबरीले हात लावू नको." त्याने मान हलवली.

हे अर्धेच झाले. अर्धे खरे लिहून सही करणार नाही. बैल नव्हता. फोन होता, माझा. चर्चमधली गाणी सुरू व्हायच्या आत पोचा म्हणून मी दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला. "काहून उशीर करून राहिले?" असे मी ओरडले आणि मग जो आवाज ऐकला तो लिहीत नाही. हे मला आणि नितेशलाच माहीत आहे. त्याने पोलिसांना सांगितले नाही, बायकोला नाही, मलाही कधी बोलून दाखवले नाही. आणि मी त्यालाच दोषी धरून बसले. तो सणाला येतो, चहा पितो, लगेच बस पकडतो. मी त्याला त्या दिवसानंतर एकदाही फोन केला नाही.

कलम सहा. माझ्या दफनाच्या वेळी, मी प्रभूजवळ सुखी आहे, असे पाळकसाहेबांनी लगेच सांगू नये. अपेक्षाच्या वेळी सांगितले होते. ती असेल सुखी, मी नव्हते. तरी मी एकही रविवार चुकवला नाही. देवाशी भांडायचे तरी त्याच्या घरी जावे लागते. मी भांडत होते आणि तो ऐकत होता, एवढा विश्वास मला सकाळी उठायला पुरला. दुसऱ्या कशाने उठले नसते. फक्त प्रभूच्या प्रार्थनेत, आम्ही क्षमा केली तशी आम्हालाही क्षमा कर, ही ओळ आली की माझे तोंड मिटायचे. शेजारच्या बायांना वाटायचे, विमलबाईला खोकला आहे.

कलम सात. कबर. ईस्टरच्या आदल्या शनिवारी आमच्या मंडळीतले लोक कबरी धुऊन चुना मारतात. मी सकाळीच जाते. मागच्या वर्षी गुडघ्याने दुपार केली. पाहते तर नितेश. अपेक्षाच्या डावीकडची कबर पांढरी, उजवीकडची पांढरी, आणि तो पायाकडच्या कबरीवर वाकलेला. मधली तशीच मळकी. मी निंबाआड थांबले. कबरस्थान राखणारे नत्थुजी हळूच म्हणाले, "सात वर्सांचं आहे हे, बाई. तुमी सकाळी येता, तो दुपारी येते. आजूबाजूच्या साऱ्या करते, मधातलीले हात नाई लावत. इचारलं तं म्हणते, माय नाई म्हणते."

मी त्याला न भेटता घरी आले. तेव्हापासून मला चैन नाही. पहिल्या ईस्टरला प्रभूच्या कबरीकडे निघालेल्या बायांना चिंता होती, तोंडावरची धोंड कोण सरकवील. माझी धोंड मीच लोटून लावली होती. कबर कायमची बंद राहत नाही, यावर माझा भरवसा आहे, त्याच भरवशावर इतकी वर्षे तगले. मग पोटच्या पोराला कसे बंद ठेवले? म्हणून लिहिते की, माझ्यामागे अपेक्षाच्या कबरीला चुना मारण्याचा पहिला हक्क नितेशचा.

पुष्करसाहेबांनी वाचले. म्हणाले, "हे तुम्ही गेल्यावरच लागू होईल, बाई."

जाईबाई मशीनवर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "मंग मले मशीन आज कशी भेटली?"

मी फोन घेतला. नितेशचा नंबर पाठ होता. त्याने उचलला. मी आधी एवढेच विचारले, "गाडी चालवून तं नाई राहिला ना?"

"नाई, माय," तो म्हणाला. "दुकानात बसलो आहो. बोल."

कलम सात खोडले आहे. खोडल्या जागेवर सही माझीच. शनिवारी चुन्याचे ब्रश दोन लागतील.

सही: विमल सहदेव खंडारे
साक्षीदार: १. जाईबाई (सही, मशीन मिळाल्यानंतर) २. नत्थुजी (कबरस्थानातून बोलावून आणले, डाव्या अंगठ्याचा ठसा)
ठिकाण: अमरावती
दिनांक: ३१ मार्च २०२६, मंगळवार