वर्षश्राद्धाला येण्याआधी

छत्रपती संभाजीनगर,
१८ जानेवारी २०२५

तीर्थरूप आईस,
तनुजाचा साष्टांग नमस्कार.

तुझा लेक शिवम वाळूजच्या कंपनीतली ड्यूटी संपवून गंगापूरला निघणार आहे, त्याच्याजवळ हे पत्र देते. चष्मा लावून तूच वाच, त्याला वाचायला लावू नकोस.

जबड्याचं ऑपरेशन नीट झालं. कानापुढं बारीक भोक पाडून आत दुर्बीण घातली, सांधा धुऊन काढला, सरकलेली चकती सोडवली. दोन वर्षं तोंडात एक बोट मुश्किलीनं जायचं, आता अडीच जातात. आइस्क्रीमच्या काड्यांची थप्पी दातांत धरून व्यायाम करायचा असतो, तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं. काल मात्र भाकरी न कुस्करता खाल्ली. मिहिर म्हणाला, "चला, आता पुन्हा भांडशील." तुझा जावई असाच आहे. तू त्याला कधी बघितलंच नाहीस, म्हणून सांगते.

अण्णा गेले तेव्हा मी आले आणि दारात नुसती उभी राहिले. लीलाआत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "बाप गेला आन् पोरीनं हंबरडाबी फोडला नाय. लई कठोर गं बाई!" पुढं शिवमनं तुला जबड्याचं सांगितलं, तेव्हा कुठं तुझा निरोप आला. "बरी झाली की वर्षश्राद्धाला ये म्हणावं. बायांच्या गळ्यात पडून मोकळं रड म्हणावं, मंग भावकी काय बोलायची नाय."

तो निरोप ऐकूनच मी ऑपरेशनला तयार झाले. घरी आल्यावर आरशापुढं तोंड उघडलं आणि अण्णांना आठवून बघितलं. रडू आलं नाही. आई, त्या दिवशीही जबड्यानं अडवलं नव्हतं. रडू आलंच नव्हतं. मी मिहिरशी लग्न केलं म्हणून अण्णांनी माझ्या नावानं अंघोळ केली. त्यांच्या लेखी मी तेव्हाच मेले होते, मग त्यांच्यासाठी रडू आणू कुठून?

श्राद्धाला मी येईन. स्वयंपाकाला बसेन, पंगत वाढीन. रडण्याचं सोंग तेवढं जमायचं नाही. तसं चालत असेल तर शिवमजवळ सांग. नसेल चालत, तरी सांग.

अजून एक. त्या अंघोळीचं पाणी तू काढून दिलंस, हे मला कळलंय. त्याचं मात्र अजून रडू येतं.

तुझी, अजून जिवंत असलेली,
तनुजा