उजवीकडे ओढलेली गाडी

आई, तुझी गाडी मी उकलायला घेतली आहे. हो, तीच, ट्रॅक्टरला बांधून आणलेली आणि मागच्या शेडमध्ये टाकलेली. हसू नकोस. शाळेतून निवृत्त झाले, बाबांकडे राहायला आले, दिवसभर त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या, बाकी वेळेचं करायचं काय? एक म्हातारे मिस्त्री शोधले. पहिल्याच दिवशी मी रंगाचा विषय काढला तर डाफरले, "मॅडम, रंग-वंग बाद में. पहले गाडी रुकनी चाहिए, फिर चलनी चाहिए." म्हणून सुरुवात ब्रेकपासून. प्रत्येक चाकाचे नट-बोल्ट श्रीखंडाच्या वेगळ्या डब्यात ठेवते, वर चिठ्ठी लावते. मिस्त्री म्हणतात, "आप तो गाडी की भी परीक्षा लोगे." डिझेलमध्ये भिजवलेला पहिला गंजका बोल्ट तिसऱ्या दिवशी सुटला तेव्हा मी शेडमध्ये एकटीनेच टाळ्या वाजवल्या. नखं अशी काळी झालीत की तू मला ताटाला हात लावू दिला नसतास.

तू चालवायचीस ते मला लख्ख आठवतं. चप्पल काढून मागे टाकायचीस, पदर कमरेला खोचायचीस, आणि स्टिअरिंगजवळची ती गिअरची दांडी अशी ओढायचीस जसं काही कपाटच उघडतेयस. गल्लीतल्या बायका ओट्यावर येऊन बघायच्या. महिन्यातून दोनदा आपण दोघी फोपनारला, तुझ्या माहेरी. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. जाताना तू गुणगुणायचीस, घरात कधीच गुणगुणली नाहीस. मग तो दिवस. मी दहा वर्षांची, तुझ्या शेजारी बसलेय. पुढे केळीने भरलेली ट्रॉली एकदम थांबते, तू ब्रेक दाबतेस, आणि गाडी सरळ उजवीकडे मोरीच्या कठड्यावर जाते. माझी हनुवटी फुटली, तुझ्या हाताला खरचटलं, बस. घरी आल्यावर तू एकच सांगत राहिलीस, "मी नाही वळवली हो. ब्रेक दाबला आणि गाडी आपोआप उजवीकडे ओढली गेली." बाबा पाहुण्यांसमोर सुद्धा हसायचे, "बघा, आमच्या गाडीला मन आहे म्हणे." पुढे दुसरी गाडी आली, पण तिची चावी तुझ्या हातात कधी आली नाही. माहेरी जायचं तर बाबांना फुरसत झाल्यावर. तुझी आई गेली तेव्हा बाबा दुकानाच्या कामाला इंदूरला होते, गाडी दारात उभी होती, आणि तू एसटीने पोचलीस ती सगळं आटोपल्यावर. आल्यावर कणीक मळायला बसलीस.

परवा मिस्त्रींनी पुढचं डावं चाक उघडलं आणि मला हाक मारली. ब्रेकचा तो बारीक पाइप कुणीतरी हातोडीने ठोकून चपटा केला होता, वर दुमडलेला. "लीक होता होगा, इसलिए इधर की लाइन बंद कर दी. जुगाड है. अब ब्रेक मारोगे तो सिर्फ दायां पहिया पकडेगा, गाडी दायें खिंचेगी." मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं. मी तिथेच पालथ्या बादलीवर बसले आणि रडले, आई, ग्रीसच्या हातांनी तोंड पुसत रडले. बिचारे मिस्त्री घाबरून पाणी आणायला धावले.

संध्याकाळी पाइपचा तो तुकडा बाबांच्या हातात दिला. त्यांना आता नीट दिसत नाही, बोटांनी चाचपून बघितला. मला वाटलं होतं विचारतील, हे काय आहे. त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "पार्ट मुंबईहून यायचा होता. चार दिवसांचा प्रश्न होता. तिला सांगणार होतो, राहून गेलं." मी म्हटलं, "आणि नंतर? नंतर का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "नंतर कसं सांगणार?" असा संताप आला मला! ताट वाढून दिलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. इतकी वर्षं एका बाईची थट्टा केली, आणि हे म्हणे राहून गेलं.

पण संताप फार वेळ टिकला नाही, कारण मला माझं आठवलं. त्या दिवशी बाबांनी मला मांडीवर घेतलं होतं, मावा जिलेबी दिली होती, आणि विचारलं होतं, "खरं सांग, आईनेच फिरवली ना?" तू स्टिअरिंग दोन्ही हातांनी डावीकडे ओढत होतीस. तुझ्या बांगड्या फुटल्या त्या त्यातच. मी सगळं पाहिलं होतं. बाबा मला मांडीवर क्वचितच घ्यायचे. मी म्हटलं, "हो, आईनेच फिरवली." तू दारातच उभी होतीस, हळदीची वाटी घेऊन. आत आलीस, माझ्या हनुवटीला हळद लावलीस, दुखतंय का विचारलंस, आणि त्यानंतर गाडी ओढली गेली हे माझ्यासमोर कधीच बोलली नाहीस. तुला जाऊन वीस वर्षं झाली. शेवटच्या आजारात तीन महिने तुझ्या उशाशी होते, तेव्हाही सांगू शकले असते. बाबांना मी जाब विचारला, पण हे त्यांनाही सांगितलेलं नाही. आई, मी खोटं बोलले होते, आणि तुला ते माहीत होतं.