आईच्या काळ्या गोळ्या

आई, आधी घडलं ते क्रमानं लिहिते.

१. दम्यासाठी तू आठ महिने चिनी जडीबुटीचा काढा आणि त्यासोबतच्या काळ्या गोळ्या घेतल्यास.
२. त्या गोळ्या मी आमच्या प्रयोगशाळेत तपासल्या. त्यांत स्टेरॉइड निघालं.
३. त्याच संध्याकाळी मी उरलेल्या गोळ्या बेसिनमध्ये टाकल्या.
४. सहाव्या दिवशी तू गेलीस.

दम्याच्या पंपाची सवय लागते म्हणून तू तो कधी नीट घेतला नाहीस. मग बाबांनी चौबे कॉलोनीतला चिनी औषधं देणारा डॉक्टर शोधला. साली, मुळ्या, सुकलेली फुलं, सगळं तू चहाच्याच पातेल्यात उकळायचीस. बाबा कप नाकाशी नेऊन म्हणायचे, "चहा चीनहून आला काय आज?" पण महिनाभरात तू तात्यापाऱ्यातल्या आपल्या घराचा जिना न थांबता चढलीस, गच्चीवर पापड घातलेस आणि वरूनच मला हाक मारलीस. एवढ्या मोठ्या आवाजात तुला मी लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला. इतक्या लवकर गुण येतो तेव्हा गोळीत काय असू शकतं, हे मला शिकवलेलं होतं.

तपासता आलं ते सात महिन्यांनी, औषधं तपासण्याच्या प्रयोगशाळेत लागल्यावर. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. चूक नको म्हणून मी दोनदा तपासलं. घरी आले तेव्हा तू ओट्यापाशी उभी आहेस, हाताला कणीक लागलेली. मी डबी रिकामी करते, नळ सोडते. तू ओरडतेस, "काहून फेकलं? मले श्वास येऊन राहिला होता ना!" मी अहवाल दाखवते. तू कागदाकडे बघतही नाहीस. "तुह्या मशीनले दमा हाये काय?"

तिसऱ्या दिवशी तुला उभं राहवत नव्हतं. उलट्या होत होत्या. तू म्हणालीस, "पोट्टी, एक तरी गोळी दे." मी म्हणाले, "नाटक मत कर, आई." ऑफिसला निघून गेले. इतके महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. ते एकदम तोडायचं नसतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायचं असतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण गुण मिळाले होते. तुझ्यासमोर मला फक्त माझं बरोबर असणं आठवलं.

पाचव्या दिवशी तू बेशुद्ध झालीस तेव्हा दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दवा किसने बंद की?" बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना गोळ्या फेकल्याचं काही माहीत नव्हतं, तोवर ते नागपूरला काकांकडे होते. मी म्हणाले, "इन्होंने खुद ही." स्टेरॉइडचं मात्र आल्याआल्याच सांगितलं होतं. उपचार सुरू झाले, पण उशीर झाला होता.

याला आता आठ वर्षं झाली. घरी कुणी आलं की बाबा अजून म्हणतात, "मीच तिले तिथं नेलं." मी पाणी आणायला आत जाते. त्यांचा दोष किती आणि माझा किती, हे मला कुठल्याही यंत्राशिवाय कळतं. तरी त्यांना मी एकटं सोडलं आहे.

रविवारी ते माझ्याकडे राहायला येत आहेत. त्यांना सांगायचं ठरवलं आहे. याआधीही मी तीनदा ठरवलं होतं. तुझं उत्तर येणार नाही हे मला माहीत आहे. मुदत घातली नाही तर मी पुन्हा गप्प बसेन, म्हणून विचारते.

सांगू का? शनिवारपर्यंत कळव.